राजवाड्यातलं पंचकर्म: आलिशान आयुर्वेद मुक्कामाची पहिल्या फोनपासून शेवटच्या पेजेपर्यंतची तयारी

केरळातल्या जुन्या वाड्यात नाहीतर हिमालयाच्या पायथ्याशी दोन-तीन आठवडे राहून पंचकर्म करून घ्यायचं, असा बेत हल्ली आपल्याकडे बऱ्याच घरांत शिजतो. कुणाची गुडघेदुखी, कुणाची उडालेली झोप, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं, कुणी परदेशातून महिन्याभराच्या सुट्टीवर आलेलं. पैसा भरपूर लागतो आणि सुट्टी त्याहून मौल्यवान असते. म्हणून हा मुक्काम कसा निवडावा, त्याची तयारी कशी करावी, तिथे कसं राहावं आणि परत आल्यावर काय सांभाळावं, हे सगळं इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थान या भागात शोधन, म्हणजे शरीरशुद्धीचे उपचार, घेणाऱ्याने टाळायच्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: मोठ्याने किंवा फार बोलणं, धक्के बसणारा प्रवास, अति चालणं, एका जागी अति बसून राहणं, आधीचं पचायच्या आत पुन्हा जेवणं, अपथ्याचं खाणं, दिवसा झोपणं आणि मैथुन. घरी राहून पंचकर्म करणाऱ्यांना हे आठही सांभाळणं जवळजवळ अशक्य होतं. सकाळी क्लिनिकमध्ये स्नेहपान (औषधी तूप पिणं), मग रिक्षातून खड्डे खात घरी, दुपारी ऑफिसचे फोन, संध्याकाळी पाहुणे. महागड्या निवासी केंद्रात आपण पैसे मोजतो ते हे आठ नियम सहज पाळता यावेत म्हणून. संगमरवरी न्हाणीघर आणि खिडकीतून दिसणारा डोंगर छानच असतो, पण केंद्र निवडताना माझी कसोटी एकच असते: इथे हे आठ टाळता येतील का?

आधी ठरवा: कशासाठी जायचं आहे

बहुतेक केंद्रांच्या यादीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत मांडलेल्या असतात, म्हणून गल्लत होते.

पहिली म्हणजे निव्वळ विश्रांती. रोज अभ्यंग, शिरोधारा (कपाळावर तेलाची धार), थोडी योगासनं, हलकं जेवण. याला चार-पाच दिवसही पुरतात. थकलेल्या माणसाला यातून खरोखर आराम मिळतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त त्याला पंचकर्म म्हणू नये.

दुसरी म्हणजे शमन. एखाद्या ठरावीक दुखण्यासाठी, उदाहरणार्थ कंबरदुखी किंवा आखडलेली मान, पोटली शेक (औषधी पुरचुंडीने शेकणं), पिळिच्चिल (अंगावर कोमट तेल पिळणं), कटिबस्ती (कंबरेवर कोमट तेल साठवून ठेवणं) असे उपचार आणि पोटात औषध. यासाठी साधारण दहा दिवस ते दोन आठवडे धरावेत.

तिसरी म्हणजे शोधन, म्हणजे खरं पंचकर्म: वमन (औषधाने उलटी), विरेचन (औषधाने जुलाब), बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध), रक्तमोक्षण (थोडं रक्त काढणं). पाचही एकाच माणसाला एकाच वेळी देत नाहीत. वैद्य तुमच्यासाठी एखादं, फार तर दोन निवडतात. आता फक्त विरेचनाचा हिशोब मांडून बघा. आधी दीपन-पाचनाचे, म्हणजे भूक आणि पचन सुधारणाऱ्या औषधांचे, तीनेक दिवस. मग वाढत्या मात्रेने तूप पिण्याचे, म्हणजे स्नेहपानाचे, कोठा हलका असेल तर 3 आणि जड असेल तर 7 दिवस. त्यानंतर 3 दिवस अंगाला तेल आणि वाफ. मग विरेचनाचा एक दिवस. पुढे पेजेपासून नेहमीच्या जेवणापर्यंत हळूहळू येण्याचे 3, 5 किंवा 7 दिवस. बेरीज दोन ते तीन आठवड्यांवर जाते. बस्तीचा सर्वांत छोटा क्रम, योगबस्ती, 8 दिवसांचा असतो. तेव्हा ‘शुक्रवार ते रविवार पंचकर्म’ अशी जाहिरात दिसली तर तिथे चांगलं मालिश मिळेल, एवढीच अपेक्षा ठेवा.

सुट्टी किती आहे ते आधी पाहा आणि त्यावरून ठरवा. आठच दिवस हाताशी असतील तर शोधनाच्या मागे लागू नका. स्नेहपान करून विरेचन न घेताच परतणं किंवा विरेचनाच्या दुसऱ्या दिवशी विमानात बसणं, यापेक्षा आठ दिवस शांत अभ्यंग कितीतरी बरं.

ऋतू

शास्त्रात वसंतात वमन, शरदात विरेचन आणि वर्षा ऋतूत बस्ती सांगितली आहे. केरळात कर्कटकम् महिना, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, उपचारांचा महिना मानतात. आपल्या आषाढ-श्रावणाशी तो जवळपास जुळतो. पावसामुळे पर्यटक कमी असतात, हवा दमट आणि उबदार असते आणि अनेक ठिकाणी दरही उतरतात. बाहेर फिरण्यासारखं फार नसतं, हा या काळाचा आणखी एक फायदा. वातविकारासाठी जायचं असेल तर मी डोळे झाकून हाच काळ सुचवेन. हिमालयाच्या बाजूला मात्र भर पावसात दरडींमुळे रस्ते अडतात आणि कडाक्याच्या थंडीत तेल लावून घेणं जिवावर येतं. तिकडे मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बघावा.

कुठे

केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या कोल्लेंगोडचं कळरी कोविलकम हे या प्रकारातलं शिस्तीसाठी ओळखलं जाणारं ठिकाण. राजघराण्याचा 19 व्या शतकातला वाडा, उंच लाकडी खांब, मोठं अंगण. पण येणाऱ्याने चामड्याची चप्पलसुद्धा बाहेर ठेवायची, मांसाहार-मद्य नाही आणि अंगात केंद्राने दिलेला साधा सुती कुर्ता-पायजमा. वाडा राजाचा आणि दिनचर्या आश्रमाची, हे ज्यांना पटतं त्यांच्यासाठी ते आहे. आपल्याकडून जायचं तर कोइम्बतूरपर्यंत विमान आणि पुढे मोटार हा सोपा मार्ग. पालक्काड जंक्शनपर्यंत रेल्वेही आहे.

उत्तराखंडात ऋषिकेशच्या वर नरेंद्रनगरला टिहरी-गढवालच्या महाराजांच्या राजवाड्याच्या आवारात 2000 साली सुरू झालेलं आनंदा आहे. आयुर्वेद, योग आणि वेदान्ताची व्याख्यानं यांचा मेळ तिथे घातलेला आहे आणि वातावरण कोल्लेंगोडपेक्षा बरंच मोकळं. देहराडूनच्या जॉली ग्रांट विमानतळावरून मोटारीने तासाभराचा घाटरस्ता. जोडीदाराला उपचारात फारसा रस नसेल तर हे ठिकाण दोघांनाही जमतं.

घराजवळ राहायचं असेल तर मुळशी धरणाच्या जलाशयाकाठी आत्मंतन आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना प्रवासाचा शीण वाचतो आणि ही बाब वाटते त्यापेक्षा मोठी आहे, कारण परतीचा प्रवास नेहमी शोधनानंतरच्या नाजूक दिवसांत येतो.

निसर्गोपचार आणि आयुर्वेद यांत मात्र गोंधळ करू नका. 1946 साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेला उरुळी कांचनचा आश्रम निसर्गोपचाराचा आहे: माती, पाणी, उपास, आहार. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली योगाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी काढलं. दोन्ही उत्तम आहेत आणि खिशालाही सोसतात, पण स्नेहपान-विरेचनाचा रस्ता वेगळा. आणि ज्यांना वाडा-डोंगर नको, फक्त नीट पंचकर्म हवं, त्यांच्यासाठी पुण्यात रास्ता पेठेतलं ताराचंद रामनाथ रुग्णालय किंवा केरळात 1902 साली पी. एस. वारियर यांनी स्थापलेली कोट्टक्कलची आर्य वैद्यशाळा आहे. उपचाराच्या बाबतीत ही ठिकाणं कुणापेक्षा कमी नाहीत.

फोन करा आणि हे विचारा

संकेतस्थळावर सगळ्यांच्याच तळ्यात कमळं असतात. खरी पारख फोनवर होते. आरक्षण घेणाऱ्याशी बोलून थांबू नका, ‘वैद्यांशी दहा मिनिटं बोलायचं आहे’ असं स्पष्ट सांगा. पैसे भरण्याआधी वैद्य फोनवर येत नसतील तर ते केंद्र मी सोडून देतो.

वैद्यांना विचारायचं ते असं. तुमची पदवी कोणती, बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) की त्यापुढे पंचकर्मातली एमडी, आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे ना? रोज तुम्ही स्वतः तपासता की सहायक? रात्री कोणी वैद्य आवारात असतो का? जवळचं अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय किती अंतरावर आहे? मी अमुक गोळ्या घेतो, त्यांचं काय करायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार काही सांगून जातं. ‘इथे आलात की सगळ्या गोळ्या बंद’ असं कुणी फोनवरच म्हणालं तर तिथे जाऊ नका. ‘रिपोर्ट पाठवा, तुमच्या डॉक्टरांशीही बोलून घ्या, मग सांगतो’ असं म्हणणारा वैद्य आपला.

रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन आहे का तेही विचारा. ते आयुष (आयुर्वेद, योग, होमिओपॅथी वगैरे) रुग्णालयांना आणि पंचकर्म केंद्रांनाही मिळतं. केरळात पर्यटन खात्याच्या ग्रीन लीफ, ऑलिव्ह लीफ अशा श्रेणी पूर्वीपासून परिचित आहेत. मानांकन म्हणजे गुणाची हमी नव्हे, पण स्वच्छता, प्रशिक्षित कर्मचारी आणि पुरुषांना पुरुष, स्त्रियांना स्त्री उपचारक एवढं तरी त्यातून कळतं.

मधुमेह, रक्तदाब, कर्करोग ‘मुळापासून बरा करू’ अशी जाहिरात असेल तर फोन करायचीही गरज नाही. अशा दाव्यांच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. जे कायदा पाळत नाहीत ते पथ्य काय पाळून घेणार?

पैशाची बोलणी

दर विचारताना ‘पॅकेजमध्ये काय नाही?’ असा उलटा प्रश्न करा. पोटात घ्यायची औषधं, रक्ततपासण्या, विमानतळावरून ने-आण आणि घरी न्यायची औषधं हे चार खर्च बहुधा वेगळे निघतात. दिवसाला 7,500 रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरला आहे की वर, ते लेखी घ्या. सोबत येणारा माणूस उपचार घेणार नसेल तर त्याचा दर वेगळा असतो. वैद्यांनी प्रकृती पाहून उपचार बदलले किंवा थांबवले तर पैशाचं काय, हेही आधीच विचारा. नाहीतर ‘भरलेत ना पैसे, मग घ्या विरेचन’ असं आपलंच मन आपल्याला ढकलतं.

विमा मिळेल हे गृहीत धरू नका. आयुष उपचारांनाही इतर उपचारांसारखंच संरक्षण द्यावं, असे विमा नियामकाचे निर्देश 2024 पासून लागू आहेत, पण ते आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याबद्दल आहेत. ताजंतवानं होण्यासाठी घेतलेला मुक्काम त्यात सहसा बसत नाही. परदेशी पारपत्र असलेल्या नातेवाइकांसाठी 2023 पासून स्वतंत्र आयुष व्हिसा आहे. ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाच्या नागरिकांचं) कार्ड असेल तर व्हिसाचा प्रश्नच येत नाही.

जाण्याआधीचे तीन आठवडे

सर्वांत आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. गरोदरपण, हृदयाचं पंप करण्याचं काम कमी असणं, मूत्रपिंडाचा आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन यांपैकी काहीही असेल तर शोधनाचा विचार त्यांच्याशी बोलल्याशिवाय करू नका. पित्ताशयात खडे असतील तर रोज वाढत्या मात्रेत तूप पिणं त्रासाचं ठरू शकतं, म्हणून पोटाची जुनी सोनोग्राफीही बरोबर ठेवा. विरेचनात शरीरातलं पाणी आणि क्षार जातात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे वैद्यांना दोनदा सांगा. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

सगळ्या औषधांची यादी मराठीत नव्हे, गोळीच्या पाकिटावरचं नाव आणि मात्रा जशीच्या तशी लिहून न्या. केरळात ती वाचणाऱ्याला तुमचं अक्षर आणि लिपी दोन्ही नवीन असणार.

स्त्रियांनी पाळीची तारीख बघून आरक्षण करावं. त्या दिवसांत अभ्यंग, बस्ती, विरेचन थांबवतात आणि दोन आठवड्यांच्या मुक्कामातले चार-पाच दिवस असे गेले तर सगळा क्रम कोलमडतो. पाळी झाल्यावर लगेचची तारीख उत्तम. आरक्षण घेणारी मुलगी हे आपणहून विचारेलच असं नाही.

चहा-कॉफीचं काय? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक शिस्तीच्या केंद्रांत दोन्ही बंद असतात आणि पहिल्या दोन दिवसांत डोकं ठणकतं ते उपचारामुळे नव्हे, चहा सुटल्यामुळे. आपल्याकडे दिवसाला चार कप ही साधी गोष्ट आहे. तीन आठवडे आधीपासून दर चार-पाच दिवसांनी एक कप कमी करत या. रात्रीचं जेवण आठच्या आत आणा. मद्य आणि सिगारेट तेव्हापासूनच सोडा. घरातल्यांना आणि ऑफिसात सांगून ठेवा की दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी फोन होईल. हे आधी सांगितलं नाही तर तिथे जाऊन रोज खुलासे देण्यात वेळ जातो.

आदल्या आठवड्यात केस रंगवू नका. वॅक्सिंग किंवा अंगावरचे केस काढणं निघण्याच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको, कारण ताज्या त्वचेवर रोज गरम तेल जिरवलं की पुरळ येतं.

बॅगेत काय

कमी न्या. जुने, सैल, गडद रंगाचे सुती कपडे न्या. तेलाचा डाग जात नाही, त्यामुळे चांगलं काही खराब करून घेऊ नका. अंतर्वस्त्रंही जुनीच. कान झाकणारी सुती टोपी किंवा स्कार्फ हवाच, शिरोधारेनंतर वारा लागू द्यायचा नसतो. काँटॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या घरी ठेवून चष्मा न्या. न घसरणाऱ्या रबरी चपला न्या, कारण तेलकट तळवे आणि गुळगुळीत फरशी यांची गाठ रोज पडते. वयस्कर माणसांसाठी ही यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू.

दागिने घरी. मंगळसूत्र काढायचं नसेल तर सोन्याचं पदरी मंगळसूत्र ठेवून देऊन दोन वाट्या साध्या काळ्या दोऱ्यात ओवून घाला. तेल मण्यांच्या गुंफणीत शिरलं की महिनाभर त्याचा वास जात नाही.

एक वही. भूक कधी लागली, झोप किती लागली, पोट कधी साफ झालं, हे रोज दोन ओळींत लिहिलं की सकाळच्या तपासणीत वैद्यांना नेमकं सांगता येतं.

पहिला दिवस

पोचलात की त्याच दिवशी कुठला जोरदार उपचार घेऊ नका, आणि चांगलं केंद्र देणारही नाही. वैद्यांची पहिली भेट पाऊण-एक तासाची असावी. नाडी, जीभ, डोळे, नखं, पोट तपासतील, रक्तदाब-वजन घेतील आणि मग प्रश्न विचारतील. दूध प्यायल्यावर पोटाचं काय होतं? प्रवासात बद्धकोष्ठ होतं का? स्वप्नं पडतात का? हे प्रश्न तुमचा कोठा आणि अग्नी ओळखण्यासाठी असतात, म्हणून लाजून अर्धवट उत्तरं देऊ नका. दारू किती, गोळ्या कोणत्या, मागे कधी नैराश्याचं औषध घेतलं का, सगळं खरं सांगा. बरोबर नवरा किंवा बायको असेल तर तपासणी वेगवेगळी मागा. मोकळेपणाने बोलता येतं.

उठण्याआधी तुमचा आराखडा लिहून घ्या: कोणत्या दिवशी काय, का, आणि त्यापुढे काय खायचं. पोटात दिल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाचं नाव आणि बनवणारी कंपनी विचारा. काही रसौषधींत पारा, शिसं, सोमल यांसारखे धातू असतात आणि नीट न बनलेल्या औषधांमुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ‘मला फक्त वनस्पतिज औषधं द्या’ असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि चांगला वैद्य त्याने दुखावत नाही.

उपचाराचे दिवस

सकाळी लवकर उठवतात. अभ्यंगाच्या खोलीत लाकडाची लांब द्रोणी असते, कडा उचललेल्या, तेल वाहून एका भोकातून खाली जाईल अशी. आधी डोक्यावर थोडं तेल, मग दोन उपचारक दोन्ही बाजूंनी एकाच लयीत हात चालवतात. तेल किती गरम हवं, दाब किती हवा, हे पहिल्या मिनिटातच सांगा. सहन करणं ही इथे गुणाची गोष्ट नाही. केरळातल्या उपचारकांना हिंदी थोडं थोडं येतं. ‘मदि’ म्हणजे पुरे, ‘चूड’ म्हणजे गरम, आणि ‘वेदना’ तिकडेही दुखण्यालाच म्हणतात. एवढ्यावर भागतं. अंगावर किती कपडा राहावा हेही तुम्हीच ठरवायचं. अवघडल्यासारखं झालं तर त्या क्षणी थांबवा आणि वैद्यांना सांगा.

शिरोधारेत कपाळापासून साधारण चार बोटं वरून कोमट तेलाची किंवा ताकाची धार अर्धा-पाऊण तास एका संथ गतीने फिरत राहते. डोळ्यांवर कापूस, भुवयांच्या वर सुती पट्टी. झोप नसणाऱ्यांना यातून लाभ जाणवतो. पिळिच्चिलमध्ये कोमट तेलात बुडवलेली फडकी अंगावर पिळत राहतात. नवरकिळीत साठ दिवसांत तयार होणारा नवरा तांदूळ दुधात आणि बला या वनस्पतीच्या काढ्यात शिजवून त्याच्या पुरचुंड्यांनी अंग शेकतात. खीर अंगाला लावल्यासारखं वाटतं, पण हाडं दुखणाऱ्या माणसाला त्याची ऊब आवडून जाते.

आता स्नेहपान, कारण सगळे घाबरतात ते यालाच. सूर्योदयाच्या सुमारास, रिकाम्या पोटी, बहुधा कडू औषधी वनस्पतींत सिद्ध केलेलं पातळ कोमट तूप वाटीतून देतात. पहिल्या दिवशी थोडं, मग रोज जास्त. तूप हिरवट दिसतं आणि वास उग्र असतो. श्वास रोखून दोन-तीन घोटांत संपवावं, लगेच गरम पाण्याने चूळ भरावी आणि वर गरम पाणी घोट घोट प्यावं. आडवं व्हायचं नाही, हलकेच शतपावली करायची. त्यानंतर कडकडून भूक लागेपर्यंत काहीही खायचं नाही. दहाला लागो की दोनला, वेळ घड्याळावर नाही. ढेकर तुपाचा येतोय तोवर तूप पचलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. मग पातळ पेज. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्वचा मऊ लागते, शौचाला स्निग्ध होतं आणि तुपाचा नुसता वास आला तरी नको वाटतं. हा तिटकारा स्नेहन पूर्ण झाल्याच्या खुणांपैकी एक आहे. वैद्यांना तो लगेच सांगा, म्हणजे पुढची मात्रा थांबते.

या दिवसांत चिडचिड होते, रडू येतं, घरी जावंसं वाटतं. पोट रिकामं, चहा नाही, फोन नाही, त्यामुळे मनात दडलेलं आपसूक वर येतं. घाबरू नका, पण त्या भरात मोठे निर्णय घेऊ नका आणि घरी लांबलचक संदेश पाठवू नका.

विरेचनाच्या दिवशी खोलीतच राहायचं. सकाळी औषध, साधारणपणे त्रिवृत लेह नावाचं जुलाबाचं चाटण, आणि मग गरम पाणी. शास्त्रात 10 वेग (शौचाला होण्याच्या वेळा) हीन, 20 मध्यम, 30 प्रवर असं मोजमाप आहे, पण आकड्यासाठी अट्टहास करू नका. थकवा किती, शेवटी कफ दिसला का, हे वैद्य बघतात. चक्कर, छातीत धडधड, पोटात मुरडा सहन होत नाही, रक्त दिसलं, यांपैकी काहीही झालं तर घंटी वाजवा. ‘शुद्धी चालू आहे’ म्हणून गप्प बसायचं नाही.

रिकामा वेळ

रोजचे उपचार दोन-तीन तासांत संपतात. उरलेल्या वेळाचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे, आणि इथेच सुरुवातीचे आठ नियम कामाला येतात. आवारात हळू चक्कर मारा, पण जवळचं देऊळ किंवा धबधबा बघायला मोटार काढू नका. दुपारी डोळा लागेल, लागू देऊ नका. आरामखुर्चीत बसून कुणाकडून काही वाचून घ्या, नाहीतर अंगणात बसून राहा. इतर पाहुण्यांशी गप्पा गोड असतात, पण तासन्‌तास नकोत. पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा पैशात धरलेली असली तरी शोधनाच्या दिवसांत ती तुमच्यासाठी नाही. जोडप्यांनी शक्यतो वेगळ्या खोल्या घ्याव्यात. एकाचं स्नेहपान आणि दुसऱ्याचा नाश्ता एका टेबलावर नको.

पेज आणि परतीची वाट

विरेचनानंतरचे दिवस मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात आणि लोक नेमके तेच कापतात. अग्नी या वेळी मंद असतो. म्हणून आधी पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, घट्ट मऊ भात. मग मुगाचं कढण, आधी बिनफोडणीचं, नंतर तूप-जिरं-सैंधव घातलेलं. मग खिचडी, मग नेहमीचं जेवण. शुद्धी जेवढी जोरदार, तेवढे हे दिवस जास्त. कोकणातल्या माणसाला केरळची कांजी, म्हणजे तांदळाची पेज, परकी वाटतच नाही, लोणच्याची फोड तेवढी मागू नका.

परतीचं तिकीट विरेचनानंतर किमान पाच दिवसांनंतरचं काढा आणि हे तिकीट मुक्कामाच्या आधीच, वैद्यांना विचारून ठरवा. निघताना त्यांच्याकडून एक लेखी कागद घ्या: काय उपचार झाले, घरी कोणती औषधं किती दिवस, कोणत्या पदार्थाला कधी हात लावायचा, आणि नेहमीच्या गोळ्यांचं काय. कर्मचाऱ्यांना बक्षिसी द्यायची तर बहुतेक ठिकाणी एक सामायिक पेटी असते, तीत टाका. पडद्यामागे पेज रांधणाऱ्यांपर्यंतही ती पोचते.

घरी आल्यावर परिहारकाळ, म्हणजे पथ्याचा काळ, पाळायचा. जेवढे दिवस उपचार, निदान तेवढे दिवस सांभाळून. दही, तळलेलं, शिळं, फ्रीजमधलं पाणी, जागरण नको. नातेवाईक ‘बारीक दिसतोयस, खा रे’ म्हणत पुरणपोळी वाढतील, म्हणून सण-लग्न लगोलग येणार नाही अशाच तारखा निवडाव्यात. वजन किंवा रक्तदाब उतरला असेल तर आठवड्याभरात नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांची मात्रा तपासून घ्या. साखर आणि क्षारांची रक्ततपासणीही तेव्हाच करा, आणि महिन्याने वैद्यांना फोन करताना तो अहवाल आणि तुमची वही समोर ठेवा.